कॅराव्हॅनचं छत गळतंय? कोट मारायच्या आधी भोक शोधा

ताई, दोन्ही नको. डांबरी शीट चिकटवू नका आणि एवढ्यात सगळा पत्राही बदलू नका.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. मोहोळकडच्या शेतात हुरड्याच्या पाहुण्यांना राहायला तुम्ही एक जुना, गाडीमागे ओढायचा कॅराव्हॅन ट्रेलर घेतलाय. सोळा फुटी. खाली लोखंडी स्क्वेअर पाइपची चौकट, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, मधोमध टपावरचा एसी, पुढे एक स्कायलाइट, मागच्या बाजूला सोलर पॅनेल. सप्टेंबरात मागच्या पलंगाच्या कोपऱ्यात पाणी यायला लागलं. एकाने येऊन सगळीकडे सिलिकॉन मारलं. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्याने पांढरा वॉटरप्रूफिंगचा कोट दिला. यंदा परत तिथेच पाणी, शिवाय आता एसीखालीही थेंब पडतात. तिसरा म्हणतो डांबरी शीट टाका, चौथा म्हणतो छतच बदला.

मी सोलापुरात बस-टेम्पोच्या बॉड्या बांधतो, अलीकडे कॅराव्हॅनचीही कामं येतात. टपाचा हिशेब दोन्हीकडे एकच. धड पत्रा मधेच कुठेतरी गळत नाही. गळतं ते माणसाने जिथे भोक पाडलंय किंवा जिथे पत्रा संपतो तिथे. म्हणजे एसीचा कट-आउट, स्कायलाइटची फ्रेम, सोलरचे ब्रॅकेट, वायर आत घेतलेली जागा, टपाच्या कडेची पट्टी आणि तिचे स्क्रू. तुमच्या ट्रेलरवर दोन वेळा पैसे गेले ते बहुतेक मधल्या चांगल्या पत्र्यावर.

कोट टिकला नाही याचं कारण आपलं ऊन. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०२३ मिलिमीटर वाढतं. डिसेंबरच्या पहाटे पत्रा १५ अंशांवर आणि मे महिन्याच्या दुपारी ६५ वर धरला, तर पाच मीटरचा पत्रा पावणेसहा मिलिमीटर लांबतो. खालची लोखंडी चौकट तेवढीच तापली तरी तीनच मिलिमीटर वाढते, आणि ती पत्र्याइतकी तापत नाही. मधला फरक कुठे जातो? कडेच्या पट्टीत, रिव्हेटच्या भोकात आणि फ्रेमच्या सांध्यात. तिथला कोट रोज थोडा ओढला जातो, थोडा दाबला जातो. ब्रशने मारलेला पातळ थर हे किती दिवस सोसणार? वरून मे महिन्यात तापलेल्या टपावर वळीव पडला की पत्रा काही मिनिटांत आखडतो. पाइपातली गरम हवाही आखडते आणि बारीक भोकातलं पाणी आत खेचून घेते. पुष्कळ लोक सांगतात, ‘चार थेंब पडले आणि आत पाणी!’ ते खोटं नसतं.

आता भोक शोधायचं कसं? टपावर चढण्याआधी पाऊस आठवा. नुसत्या आडव्या, वादळी पावसात पाणी येत असेल तर संशय कडेच्या पट्टीवर, खिडकीच्या वरच्या रबरावर आणि मागच्या भिंतीच्या जोडावर घ्यायचा, टपाच्या मध्यावर नाही. दिवसभर रिपरिप चालली आणि संध्याकाळी पाणी आलं, तर टपावर कुठेतरी डबकं साचतंय आणि त्या डबक्यात एखादा स्क्रू बुडालेला आहे. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी ठिबकायला लागलं, तर पाणी आधी पाइपात किंवा थर्माकोलमध्ये भरतंय आणि मग सावकाश बाहेर पडतंय. आणि पाऊस नसतानाही पाणी दिसत असेल तर ती गळती नाहीच.

तुमच्या एसीखालचे थेंब मला या शेवटच्या प्रकारातले वाटतात. टपावरच्या एसीचं पाणी त्याच्या तळाच्या ट्रेमधून टपावरच सोडलेलं असतं आणि पत्र्यावरून वाहून जातं. सिलिकॉनवाला किंवा कोटवाला ‘सगळं पॅक करतो’ म्हणून एसीच्या बुडाभोवतीही गोल मारून गेला असेल, तर त्या पाण्याची वाट बंद झाली. मग ते आतल्या कट-आउटवरून खाली उतरतं. एक कोरडा दिवस बघून एसी दोन तास चालवा. थेंब पडले तर पावसाचा काही दोष नाही. एसीभोवतीचं सिलिकॉन कापून काढा, ट्रेची भोकं मोकळी करा. एसी आणि पत्रा यांच्यामध्ये जाड फोमचं गॅस्केट असतं, तेच पाणी अडवतं. आतल्या बाजूने चार बोल्ट असतात, ते समान आवळून गॅस्केट जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंत दाबलं गेलं पाहिजे. गॅस्केट चपटं, कडक झालं असेल तर नवीन घाला. तिथे कुठलाही सीलंट लागत नाही.

थंडीतली ओल हाही वेगळा विषय. हुरड्याच्या दिवसांत चार माणसं खिडक्या लावून झोपली की सकाळी लोखंडी पाइपाच्या रेषेत सिलिंगवर दव धरतं. डाग सरळ पट्ट्यात आणि ठराविक अंतरावर दिसले तर तो श्वासाचा दमटपणा आहे. रात्री छताचा व्हेंट बोटभर उघडा ठेवा, बास.

आता पलंगाचा कोपरा. त्यासाठी आतलं सिलिंग खोलावं लागेल, त्याला इलाज नाही. पण हात लावायच्या आधी बाहेरून येणारी २३० व्होल्टची लाइन काढा आणि सोलर-बॅटरीचं कनेक्शन तोडा. ओल्या सिलिंगमध्ये लाइटच्या वायरी असतात. पाहुणे राहणारी जागा आहे, तेव्हा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर छताच्या आधी तो बसवा.

सिलिंगचं पॅनेल उतरवलं की डागावरून पाण्याची वाट वाचता येते. मुख्य म्हणजे डाग आहे तिथेच वर भोक असेल असं समजू नका. स्क्वेअर पाइप आतून पोकळ असतो. सोलरचा ब्रॅकेट बसवताना स्क्रू पत्र्यातून थेट पाइपात गेला की पाणी पाइपाच्या पोटात उतरतं, उताराने दुसऱ्या टोकाला जातं आणि वेल्डिंग अर्धवट राहिलेल्या जागेतून बाहेर पडतं. वर सोलरचा ब्रॅकेट एकीकडे, खाली पाणी कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या पाइपाच्या जोडाखाली गंजाचा तांबूस ओघळ दिसतोय का ते बघा. दिसला तर पाइपावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. भरलेल्या पाइपाचा आवाज बद्द येतो. त्याच्या सगळ्यात खालच्या टोकाला खालून ४ मिलिमीटरचं भोक पाडा. कधी कधी वाटीभर गंजाचं पाणी निघतं. ते भोक नंतर बुजवू नका. पुन्हा कधी पाणी शिरलं तर लगेच कळेल.

मग पाण्याची चाचणी. एक जण आत बॅटरी घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. प्रेशर वॉशर अजिबात वापरायचा नाही, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी घुसवतो. साधा बागेचा पाइप, पाणी हळू सोडलेलं. सुरुवात खालून करायची: आधी मागची भिंत, मग खिडकीची वरची कड, मग टपाची कड, मग सोलरचे ब्रॅकेट, शेवटी वरचे फिटिंग. प्रत्येक जागेला पंधरा मिनिटं द्या. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्यावरून वाहतं आणि कुठून आत आलं ते कळत नाही. दोन जागांचा संशय असेल तर एका जागी कपड्याला लावायची नीळ घातलेलं पाणी ओता, पण सिलिंग उतरवलेलं असेल तरच.

दुसरी पद्धत आमच्या शेडमध्ये जास्त चालते. दारं-खिडक्या बंद, व्हेंट टेपने बंद, एका खिडकीत पुठ्ठा लावून त्यातून धूळ उडवायच्या ब्लोअरने आत हवा भरायची. बाहेरून टपाच्या सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. जिथे हवा निघते तिथे फुगे येतात. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. पाण्याने जे भोक सापडत नाही ते यात सापडतं, आणि आतलं सामानही भिजत नाही. सापडलेली प्रत्येक जागा मार्करने गोल करून फोटो काढून ठेवा. साबण वाळल्यावर आठवत नाही.

टपावर उभं राहायचं असेल तर खाली जाड प्लायची फळी टाका, दोन पाइपांवर टेकेल अशी. पाइपांच्या मधल्या पत्र्यावर पाय दिलात तर खड्डा पडतो आणि पुढच्या पावसात डबकं तिथेच.

आता सगळ्यात कंटाळवाणं काम, जे तुमच्याकडे आलेल्या दोघांनीही टाळलं: जुनं काढणं. सिलिकॉनवर दुसरं काही धरत नाही. रंग, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, कोट, एवढंच काय, नवीन सिलिकॉनही नीट धरत नाही. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने, कडेला ब्लेडने, मग सिलिकॉन रिमूव्हरने पूर्ण काढायचं. निघालं की नाही ते बघायला पाण्याचा थेंब टाका. थेंब गोल मणी होऊन घरंगळला तर सिलिकॉनचा अंश शिल्लक आहे, पसरला तर जागा साफ. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी नवीन फडक्याने पुसायचं. गॅरेजमधला तेलकट बोळा फिरवलात तर मेहनत वाया.

ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते पत्र्याच्या कामात वापरूच नका. त्यातून सुटणारं ॲसिड जस्त, ॲल्युमिनियम, तांब्याच्या वायरी सगळ्याला खातं. बाथरूमच्या टाइल्सला ठीक आहे.

मग लावायचं काय? दोन वस्तू. फ्रेमच्या खाली बुटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, आणि फ्रेमच्या कडेवर एमएस पॉलिमर, ज्याला दुकानदार हायब्रिड सीलंटही म्हणतात. बुटाइल कधी वाळत नाही, मऊच राहतं, म्हणून पत्रा सरकला तरी तुटत नाही. एमएस पॉलिमर उन्हात टिकतं आणि त्यावर रंगही बसतो. पीयू सीलंट चिवट असतो, बॉडीच्या आतल्या जोडांना आम्ही तोच वापरतो, पण उघड्या उन्हात तो पिवळा पडतो, वरून पीठ सुटतं. स्कायलाइट ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचा असेल तर पीयू त्यावर नको, काही दिवसांनी बारीक तडे जाऊ शकतात. दुकानात गेल्यावर नळकांड्यावर ‘एमएस’ किंवा ‘हायब्रिड’ लिहिलंय का आणि तारीख उलटलेली नाही ना, एवढं बघा.

तुमच्या सोलर ब्रॅकेटचं उदाहरण घेतो. पॅनेलवर चादर टाकून त्याची वायर काढा, पॅनेल उतरवा. स्क्रू काढताना एखादा नुसताच फिरत असेल, घट्ट होत नसेल, तर गळती त्याचीच. भोकाच्या कडेचं गंज-पीठ घासून काढा. ब्रॅकेटच्या बुडाला बुटाइल टेप लावा, तुकडे न जोडता शक्यतो एका पट्टीत. जिथे दोन टोकं भेटतात ती जागा उताराच्या वरच्या बाजूला नको. ब्रॅकेट बसवून स्टेनलेसचे, आधीच्यापेक्षा एक नंबर जाड स्क्रू घाला, प्रत्येक भोकात आधी सीलंटचा ठिपका. स्क्रू आलटून-पालटून आवळा आणि थांबा. बुटाइल कडेने सारखं बाहेर आलं पाहिजे. एका बाजूने आलंच नाही तर तिथे पोकळी आहे, उघडून परत लावा. दुसऱ्या दिवशी पत्रा उन्हात तापल्यावर स्क्रू अजून अर्धा फेरा घेतात. तेव्हा बाहेर आलेलं बुटाइल प्लॅस्टिकच्या पट्टीने कापून टाका आणि मग ब्रॅकेटची कड आणि स्क्रूची डोकी झाकतील असा एमएस पॉलिमरचा थर द्या. एक इंच रुंद, चार मिलिमीटर जाड थर धरला तर ३१० मिलिलिटरच्या नळकांड्यात तीन मीटर होतं. कोणी एका नळकांड्यात अख्खा टप करून देतो म्हणाला तर तो किती पातळ ओढणार ते तुम्हीच काढा.

कडेच्या पट्टीला हाच नियम. पट्टीच्या खाचेतलं व्हिनाइलचं बीडिंग आखडून टोकाला उघडं पडलेलं असतं, खालचे लोखंडी स्क्रू गंजलेले. बीडिंग ओढून काढा, स्क्रू एकेक बदला, भोकात सीलंट भरा, नवीन बीडिंग थोडं जास्त लांबीचं ठेवून बसवा. पट्टीखालची जुनी लांबी (पुटी) सुकून भुगा झाली असेल तर अख्खी पट्टी उतरवून खाली बुटाइल घालावं लागतं. ते मिस्त्रीचं काम आहे, घरी करू नका.

वेळ महत्त्वाची. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, तेव्हा सीलंट मारला तर वर साय धरते, आत फुगे राहतात. सकाळी दव वाळल्यावर, साधारण आठ ते दहा, किंवा ऊन उतरल्यावर काम करा. हे सीलंट हवेतल्या दमटपणाने पक्के होतात. आपल्या कोरड्या हवेत वरून सुकलेलं दिसतं, पण आतला जाड थर मागे राहतो. चोवीस तास तरी ट्रेलर हलवू नका.

आतलं भिजलेलं सामान वाळवल्याशिवाय वरून काहीही बंद करू नका. ग्लासवूल भिजलं असेल तर फेकून द्या. थर्माकोल बाहेर काढून उन्हात ठेवा. प्लायमध्ये स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा, सहज घुसलं तर तेवढा तुकडा कापून नवीन घाला. प्लाय घेताना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का बघा, कडा सील करून मगच बसवा. ओल आत कोंडून वरून कोट मारला की उन्हात त्या कोटाला फोड येतात. तुमच्या कोटाला आले असतील.

पांढरा कोट वाईट नाही. उन्हाची झळ कमी होते, पत्रा कमी तापतो, म्हणून कमी सरकतो. पण तो सगळ्यात शेवटी, सांधे पक्के झाल्यावर. ॲक्रिलिक कोट साचलेल्या पाण्यात मऊ पडतो, तेव्हा आधी डबकं घालवा. ट्रेलरचा पुढचा जॅक थोडा चढवून पाणी मागे काढलं तरी बहुतेक काम होतं. चारही कोपऱ्यांचे जॅक सारखे टेकलेत का तेही बघा. काळ्या मातीत पावसाळ्यात एखादा जॅक खाली बसतो, बॉडीला पीळ पडतो आणि नेमका कोपऱ्याचा सांधा उघडतो. ट्रेलरचं दार अलीकडे अडायला लागलं असेल तर हेच समजा. जॅकखाली फरशीचे तुकडे किंवा जाड फळ्या घाला.

डांबरी शीटला नाही म्हणायचं कारण सोपं आहे. आपल्या उन्हात डांबर मऊ पडतं, थंडीत कडक होतं, आणि पुढे खरी दुरुस्ती करायची म्हटलं की ते पत्र्यावरून निघत नाही. परदेशी बनावटीच्या काही ट्रेलरवर रबरी ईपीडीएमचं छत असतं. ज्यांच्याकडे तसं असेल त्यांनी तर डांबर, पेट्रोल, थिनर जवळही नेऊ नये, रबर फुगतं. ते साबणाच्या पाण्याने धुवायचं, बास. फायबरच्या छताला तडा गेला असेल तर मॅट-रेझिनचं काम जाणत्याकडूनच करून घ्या. त्यातलं हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र झालं तर पेट घेतं.

छत कधी बदलायचं? पत्र्याला खालून पांढरी भुकटी येऊन सुईएवढी भोकं पडली असतील, किंवा चौकटीचे पाइप टोचल्यावर आत जात असतील, तर. कोपऱ्यातला हातभर प्लाय कुजला म्हणून नाही. तुमचा ट्रेलर वर्षभर एकाच जागी असतो, मग दोन हात उंच पत्र्याचं शेड टाकणं हाच माझा पहिला सल्ला. ऊन अडलं की सांध्यांचं अर्धं दुखणं जातं. ताडपत्री बांधू नका, वाऱ्याने फडफडून ती कडा घासते आणि खाली ओल कोंडते. शेड झालं तरी आडवा पाऊस लागणारच, तेव्हा भिंतीचे जोड आणि खिडक्यांची रबरं करावीच लागतील.

हुरड्याचं बुकिंग डिसेंबरपासून असेल तर क्रम असा धरा: आत्ता सिलिंग उघडा, एसीची चाचणी घ्या, पाइपातलं पाणी काढा, वाळू द्या. दिवाळीनंतर सोलर आणि कडेची पट्टी. कोट आणि शेड फेब्रुवारीत, पाहुणे गेल्यावर. पलंगावरचं सिलिंग तेवढं नवीन पॅनेल ठोकून बंद करू नका. चार स्क्रूंवर निघेल असं तात्पुरतं लावा, आणि मे महिन्यातला पहिला वळीव पडला की काढून आत हात फिरवून बघा.